संगीताच्या ऑडिशनचा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. मी पेटी वाजवतो आणि बरीच वर्षं प्रवेशाच्या ऑडिशनला साथीला बसतो. म्हणजे परीक्षकांच्या टेबलापासून चार हातांवर, पण कागद-पेन नसलेल्या बाजूला. कोणाची निवड होते त्यात माझा काही हात नसतो. कोण का अडखळतं ते मात्र जवळून दिसतं. दरवर्षी प्रश्न तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. तुमच्या गुरुजींचं किंवा बाईंचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांचंच ऐका. फक्त षड्जाबद्दल, म्हणजे ‘सा’बद्दल, मी मागे हटणार नाही.

ऑडिशन नेमकी कशासाठी असते? माझ्या मैत्रिणीची आणि माझी तयारी वेगळी का?

कारण एकाच शब्दाखाली दोन वेगळे प्रकार चालतात. पहिला, संगीतच शिकायला प्रवेश घेण्याचा. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला बी रोडवर विद्यार्थी भवनात आहे. एसएनडीटीचा संगीत विभागही चर्चगेटलाच, पण तो मुलींसाठी. २०२२ साली राज्य सरकारने लता मंगेशकरांच्या नावाने सुरू केलेलं महाविद्यालय आहे. इथे तुम्हाला पुढची काही वर्षं शिकवता येईल का, हे पाहिलं जातं.

दुसरा प्रकार म्हणजे तुम्ही बीकॉम किंवा बीएस्सीला आहात आणि कॉलेजच्या युवा महोत्सवाच्या गटात घुसायचंय. तिथे तयार माल लागतो. दिलेल्या मिनिटांत बसणारा, स्टेजवर उठून दिसणारा, समूहगीतात दुसऱ्याच्या आवाजात मिसळणारा. खालची बहुतेक उत्तरं पहिल्या प्रकाराची आहेत.

कोणता राग गावा?

जो तुम्ही झोपेतून उठवल्यावर गाल तो. भूप, यमन, दुर्गा, बागेश्री, वृंदावनी सारंग यांतला एखादा चांगला घोटलेला असेल तर तोच. ‘भूप गायला तर बालवाडीतला समजतील’ ही भीती खोटी आहे. पाच स्वरांचा भूप नीट गाणं सोपं नाही, हे टेबलापलीकडे बसलेल्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

उलट मारवा किंवा ललत काढला की ते सावरून बसतात, आणि मग प्रत्येक स्वर तराजूत पडतो. मारव्यात षड्जावर टेकायला फारशी जागा नाही. घाबरलेल्या गळ्याला नेमकी तीच जागा हवी असते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा पूरिया सांगून बसला आणि तिसऱ्या मिनिटाला मारव्यात गेला. स्वर तेच असल्यामुळे त्याला कळलंही नाही. समोरच्यांना कळलं.

एक मुख्य राग आणि एक राखीव ठेवा. दोघांचे थाट (रागांचे मूळ स्वरगट) वेगळे असलेले बरे.

विलंबित ख्याल गायलाच पाहिजे का?

विलंबित म्हणजे अगदी संथ लयीतला. सूचनापत्रात लिहिलं असेल तर हो. लिहिलं नसेल तर गणित करून ठरवा. विलंबित एकतालात एक मात्रा ४ सेकंदांची धरली तर १२ मात्रांचं आवर्तन (तालाचा एक फेरा) ४८ सेकंदांचं होतं. हातात ८ मिनिटं असतील तर एकूण १० आवर्तनं. त्यातलं एक मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) बसवण्यात, एक अंतऱ्यात (बंदिशीच्या दुसऱ्या भागात). उरलेल्या आठांत आलापही दाखवायचा, तानाही, आणि द्रुतलाही (जलद बंदिशीलाही) जागा ठेवायची.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. अठरा वर्षांचा असताना मी गायक म्हणूनच ऑडिशन दिली होती. आमचे सर म्हणाले होते, ‘मध्यलय झपताल घे.’ मला वजनदार वाटायचं होतं, म्हणून मी विलंबित घेतला. मंद्रातला (खालच्या सप्तकातला) आलाप पुरा करून मध्य सप्तकाच्या गंधारावर पोचलो तेवढ्यात समोरून ‘ठीक आहे, पुरे’ आलं. पंचमसुद्धा लागला नव्हता! त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. पुढे पेटीकडे वळलो ती वेगळी कथा.

म्हणून विलंबित घ्यायचाच तर घरी मोबाइलवर गजर लावून आठ मिनिटांत बसवा. नाहीतर मध्यलयीची झपताल किंवा रूपकातली बंदिश आणि जोडीला तीनतालातली द्रुत, हे उत्तम. रूपक घेणार असाल तर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देण्याच्या जागेवर, येते हे हाताला पक्कं माहीत हवं. घाबरल्यावर टाळी तिथेच पडते.

सकाळी अकराला नंबर आहे. यमन गाऊ का?

गा. प्रवेशाच्या ऑडिशनला समयचक्र सहसा कोणी धरून बसत नाही. दिवसभर मुलं येत असतात, सगळ्यांनी तोडी गायची ठरवली तर परीक्षकांचं काय होईल. तरी बसल्यावर ‘वेळ सकाळची आहे, यमन गायला चालेल ना?’ एवढं विचारलेलं बरं. तुम्हाला रागाची वेळ माहीत आहे हे त्यातूनच कळतं. सकाळचा एखादा राग तितकाच तयार असेल तर तो घ्या, कारण दुपारपर्यंत त्यांनी यमन भरपूर ऐकलेला असतो.

पट्टी कोणती सांगू?

पट्टी म्हणजे पेटीचा कोणता सूर ‘सा’ धरायचा ते. हा खरा प्रश्न, आणि हा विचारणारे सगळ्यात कमी. बहुतेक मुलं काळी एक ते काळी दोन, मुली काळी चार ते काळी पाच, असं ढोबळमानाने म्हणतात. पण तुमची पट्टी म्हणजे ज्या पट्टीत मंद्र पंचम ऐकू येतो आणि तार (वरच्या सप्तकातला) गंधार किंचाळत नाही ती. क्लासमध्ये सगळ्यांना मिळून एक पट्टी धरलेली असते. बऱ्याच मुली तीच आपली समजून येतात आणि अंतऱ्यात मान वर करून गायला लागतात.

महिनाभर आधी अर्धा स्वर खाली-वर करून बघा. गाताना रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. ठरली की मग बदलू नका. सर्दी झाली म्हणून ऑडिशनच्या सकाळी अर्ध्या पट्टीने खाली येणारे पुष्कळ पाहिले. गळ्याची सगळी सवय हलते आणि बंदिश परकी वाटायला लागते.

षड्जाचं एवढं काय?

पहिला सा लावला की समोरचे बहुतेक सगळं ओळखतात. तो तानपुऱ्यात विरघळला का, की वरून चिकटवल्यासारखा आहे? लावल्यावर हलतो का? श्वास संपत आला की उतरतो का? तान नंतर येते, तिला फार तर शाबासकी मिळते.

तरी मुलं काय करतात? बसली, घसा खाकरला, तानपुरा सुरू झाला की दोन सेकंदांत आलाप. अरे, आधी ऐक! तानपुऱ्याची चार आवर्तनं गप्प बसून ऐका. तेवढ्यात कोणी ओरडत नाही. मग डोळे मिटून किंवा उघडे ठेवून, जशी सवय असेल तसा, एक लांब सा. मग दुसरा. मग राग.

घरी याचीच तालीम करा. रोज एकदा खोलीबाहेरून आत या, बसा, तानपुरा ऐका, सा लावा, मुखडा गाऊन समेवर या, आणि उठा. एवढंच. दिवसातून पाच वेळा. पहिली दोन मिनिटं अशी घोटली की पुढची सहा आपोआप चालतात.

तानपुरा ॲपवर चालेल?

हल्ली चालतो. पण तीन गोष्टी. मालकंस गाणार असाल तर पहिली तार मध्यमाला लावा, मारवा किंवा पूरिया असेल तर निषादाला. पंचम वर्ज्य असलेल्या रागामागे पंचम वाजत ठेवणं हे गाण्याआधीच गुण घालवणं आहे. दुसरं, फोनच्या स्पीकरचा आवाज खोलीत पुरत नाही, छोटा स्पीकर न्या. तिसरं, फोन फ्लाइट मोडवर टाका. गेल्या वर्षी एका मुलीचा बागेश्री छान रंगला होता. कोमल गंधारावर येऊन ती थांबली, आणि नेमका मामाचा फोन आला. तानपुरा बंद, ढोलकीची रिंगटोन सुरू. परीक्षक हसले, ती नाही हसू शकली.

तबल्याचा साथीदार आपला न्यावा की तिथला घ्यावा?

आधी फोन करून विचारा. कुठे संस्था साथीदार देते, कुठे आपला आणायला सांगतात.

तिथला असेल तर त्याच्याशी अर्धं मिनिट बोला. लाजू नका. ‘काका, झपताल, मध्यलय’ एवढ्याने काम होत नाही, कारण तुमची मध्यलय आणि त्यांची मध्यलय एक असेलच असं नाही. ‘काका, अशी लय’ म्हणून मुखडा हळू आवाजात एकदा म्हणून दाखवा, बोटावर मात्रा मोजत. तबलजी मान हलवतो, आणि त्या क्षणापासून तो तुमच्या बाजूचा असतो. मुखडा कुठल्या मात्रेवरून उठतो तेही सांगा.

आणि पट्टी. काळी चारला गाणाऱ्या मुलींसाठी तिथे त्या पट्टीचा मोठ्या तोंडाचा तबला असेलच असं नाही. काळी एकचा तबला काळी चारच्या मध्यमात लागतो. बागेश्री, मालकंस असेल तर बिनदिक्कत चालवा. पण यमनामागे शुद्ध मध्यम टणटणत राहिला तर तुमचा तीव्र मध्यम बिचारा एकटा पडतो. यमन गाणार असाल आणि पट्टी काळी चार असेल तर तबल्याची चौकशी आधीच करा.

मी तबला वाजवतो. मला काय वेगळं?

तुम्हाला नगमा (पेटीवर आवर्तनभर पुन्हा पुन्हा वाजणारी धून) धरणारा लागतो आणि तो लयीत पक्का हवा. पेटी येणारा मित्र आणि नगमा धरता येणारा मित्र या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. तीनतालात पेशकार, एक कायदा त्याच्या पलट्यांसह आणि तिहाईसकट, एखादा रेला, दोन तुकडे, एक चक्रदार. एवढं दहा मिनिटांना पुष्कळ. कायदे चार आणि पलटे दोन-दोन, हा क्रम उलटा आहे. एकाच कायद्याचा विस्तार केलात तर डोकं दिसतं. पढंत (बोल तोंडाने म्हणणं) तयार ठेवा, हमखास सांगतात.

आता पाऊस. ऑडिशन बहुधा जून-जुलैत येतात, म्हणजे मुंबईत हवा ओली चिंब. पुडी (तबल्याचं कातडं) ओल धरते, सैल पडते, तबला उतरतो. दमट ट्रेनमधून एसी खोलीत नेलात की कातडं सुकायला लागतं आणि तो चढतो. म्हणजे बाहेर व्हरांड्यात लावलेला तबला आत गेल्यावर बेसूर. शक्य असेल तर पंधरा मिनिटं आधी वाद्य खोलीत ठेवू द्या अशी विनंती करा. आत गेल्यावर गट्ट्यांपेक्षा (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांपेक्षा) गजऱ्यावर (कातड्याच्या कडेच्या विणीवर) हलके ठोके देऊन चारी बाजू ऐका. पिशवीला प्लॅस्टिकचं आवरण हवंच. हातोडी विसरू नका. ही एकच वस्तू अशी आहे जी सगळ्यांकडे असते आणि हवी तेव्हा कोणाकडेच नसते.

सतारवाल्यांनी बाजाची जादा तार आणि दोन मिजराबी (बोटात घालायच्या नख्या). बासरीवाल्यांनी फडकं.

तोंडी प्रश्न काय विचारतात?

गायलेल्या रागावरूनच सुरुवात होते. थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार), वेळ, जवळचा राग. भूप गायलात तर ‘देशकारापासून वेगळा कसा?’ हा प्रश्न जवळजवळ ठरलेला. स्वर तेच पाच, पण भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत, एवढं सांगून थांबू नका. दोन्ही चार-चार स्वरांत गाऊन दाखवा. गाऊन दिलेलं उत्तर पाठ केलेल्या दहा उत्तरांवर भारी.

मग एखादा ताल हातावर दुगुणीत (दुप्पट वेगात). मग एखादी सुरावट पेटीवर वाजवून ‘ओळखा’ किंवा ‘गाऊन दाखवा’. ती बहुधा मीच वाजवतो, आणि मुद्दाम अवघड वाजवत नाही.

थोडा इतिहास असू द्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि दहा थाटांची मांडणी करणारे विष्णु नारायण भातखंडे १८६० साली आपल्या वाळकेश्वरला जन्मले. दोन्ही विष्णूंची गल्लत दर वर्षी कोणीतरी करतं. नाही येत तर ‘माहीत नाही’ म्हणा. तिथे बसलेल्यांना ते चालतं. रेटून चुकीचं बोललेलं चालत नाही.

नाट्यगीत, अभंग किंवा भावगीत गाऊ का?

विचारलं तर. एक तयार ठेवा, मुखडा आणि एक अंतरा. शब्द स्वच्छ हवेत. रागदारी उत्तम गाणारी मुलं अभंगात जोडाक्षरं गिळतात. हिंदी-मराठी सिनेमातलं गाणं प्रवेशाच्या ऑडिशनला नको, युवा महोत्सवाच्या सुगमच्या निवडीला मात्र नियम बघून चालू शकतं.

विशारद झालंय. फायदा होतो का?

प्रमाणपत्र दाखवा, नोंद होते. गांधर्व मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात, त्यामुळे तुम्ही अभ्यासक्रमात कुठवर आलात ते कळतं. पण विशारद म्हटलं की अपेक्षाही वाढते, आणि मग तीनतालाची दुगुण चुकली तर जास्त बोचते. प्रवेशिका झालेली पण सुरेल मुलगी घेतलेली मी पाहिली आहे, तशीच विशारद असून राहिलेलीही.

मूळ कागद, दोन-दोन झेरॉक्स, फोटो, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एका फाइलमध्ये. झेरॉक्सवर सही तिथेच करायला सांगतात, पेन ठेवा.

घसा बसला तर?

आदल्या दिवशी कळलं तर बोलणं बंद. कुजबुजणंही बंद, त्यानेही घसा थकतो. वाफ घ्या. गरम पाणी, ज्येष्ठमध, मध-आलं, सगळं बरं वाटतं, घ्या. पण गिळलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. म्हणून खोलीच्या दारात बाटलीभर पाणी पिऊन काही होणार नाही. दोन दिवस आधीपासून नीट पाणी पीत राहिलात तर फरक पडतो.

सकाळी खर्ज लावा (खालच्या सुरांचा रियाज), पंधरा-वीस मिनिटं, हळू. ताना घोटू नका. व्हरांड्यात शेजारचा जोरजोरात सपाट ताना मारत असतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो आत जाईपर्यंत थकणार आहे.

दहापंधरा दिवस आवाज बसलेलाच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, काढे पुरे.

खाऊन जावं की उपाशी?

खाऊन, पण दीड-दोन तास आधी. उपमा, पोळी-भाजी, केळं. चर्चगेटला उतरल्यावर वडापाव दिसतो, तो परतीच्या वाटेवर.

डोंबिवली-वसईहून किती आधी निघावं?

एक तास जादा धरा, पाऊस असेल तर दोन. डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची की सीएसएमटीला उतरून चालायचं? हातात वाद्य असेल तर माझं मत सीएसएमटी. शेवटचं स्टेशन असल्याने गर्दी ओसरल्यावर सावकाश उतरता येतं, पुढे चर्चगेट चालत वीसएक मिनिटं किंवा टॅक्सी. दादरच्या पुलावर तानपुरा घेऊन जाण्याचा अनुभव मी घेतला आहे, भोपळ्याला तडा गेला. आता भुयारी मेट्रोही चर्चगेटला येते, तुमच्या मार्गावर पडत असेल तर ती बरी.

आदल्या रात्री भरतीची वेळ बघा. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की हिंदमाताला पाणी आणि सायन-कुर्ल्याला रूळ पाण्याखाली, हे मुंबईकराला सांगायला नको. रविवारी ऑडिशन असेल तर मेगाब्लॉक. उशीर होणारच असेल तर ट्रेनमधूनच कळवा. पावसाच्या दिवशी नंबर मागे टाकतात, न कळवता आलेल्याला मात्र ताटकळावं लागतं.

कपडे?

मांडी घालून तासभर बसता येईल असे. भिजलात तर बदलायला एक जोडी.

आई-बाबांनी आत यावं का?

नको. आई दारात उभी राहिली की मुलगी समेवर तिच्याकडे बघते. बाबांनी फाइल सांभाळावी, बाहेरच्या लोकांना ‘आमची तिसरीपासून शिकते’ असं सांगू नये.

मध्येच थांबवलं तर नापास समजायचं?

अजिबात नाही. बरेचदा जे पाहायचं ते पाहून झालेलं असतं. ‘अंतरा घ्या’, ‘द्रुत घ्या’, ‘तान ऐकवा’ असं सांगितलं की लगेच वळा. आपलं आवर्तन पुरं करून समेवर या आणि मग वळा, हे सगळ्यात सुंदर.

सम चुकली तर?

पुढची पकडा. माफी मागू नका, जीभ चावू नका, तबलजीकडे रागाने बघू नका. ठेका ऐका, खाली कुठे येते ते ओळखा आणि मुखडा उचला. चुकणारे खूप असतात. चुकून परत आलेला विद्यार्थी समोरचे वहीत वेगळा लिहून ठेवतात, हे मी पेटीमागून वाकून पाहिलं आहे.

झाल्यावर लगेच निघू का?

साथीदारांना नमस्कार करा, मूळ प्रमाणपत्रं परत घेतलीत का बघा, यादी कुठे आणि कधी लागणार ते ऑफिसात विचारून घ्या. आणि तानपुऱ्याची गवसणी खुर्चीखालून उचला. दर वर्षी एक तरी राहते. सध्या माझ्याकडे दोन आहेत, एक निळी, एक चौकडीची.